पोकळ, धोकादायक, वय ४५: घोडबंदर रस्त्यालगतच्या एका चिंचेची नोंद

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या कडेची जुनी गावठाणं आता चहूबाजूंनी टॉवरांनी वेढली आहेत. त्यांतल्या एका गावठाणाच्या तोंडाशी, गल्ली वळते तिथे, एक मोठी चिंच आहे. २०२३ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तिची एक फांदी उभ्या रिक्षावर पडली. आत कोणी नव्हतं, पण रिक्षाचं छत चेपलं. शेजारच्या इमारतीच्या समितीने लगेच झाड तोडण्याचा अर्ज केला. कारण एका ओळीचं: ‘झाड पूर्णपणे पोकळ असून जीवितास धोकादायक आहे.’ सोबत वृक्षगणनेतली नोंद जोडली होती. जात चिंच, घेर २१० सेंमी, वय ४५ वर्षं, स्थिती खराब.

या नोंदीतली जात तेवढी बरोबर होती. बाकीचे तीन रकाने आम्ही कसे तपासले आणि त्यांच्या जागी काय लिहिलं, त्याची ही हकिगत. ‘आम्ही’ म्हणजे गल्लीतले काही रहिवासी, गावातली कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं बोलणं अजून चालू आहे आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना रोज एकाच गल्लीतून जायचं आहे.

वयाच्या रकान्यापासून सुरुवात करायला हवी, कारण कायद्याचं सगळं वजन आता त्याच आकड्यावर आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त अंदाजे वयाचं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ मानलं जाऊ लागलं. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची, तेही वयावर ठरतं: जितकी वर्षं, तितकी रोपं. म्हणजे ४५ लिहिलं की झाड वारशाच्या यादीत येत नाही आणि बदल्यात ४५ रोपं पुरतात. १५० लिहिलं तर सगळंच बदलतं. वयाचा आकडा लिहिणाऱ्याच्या हातात एवढी ताकद आहे. त्याने तो आकडा कशावरून काढला, हे मात्र नोंदीत कुठेच लिहिलेलं नसतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हेच टोचलं. आकडा चुकू शकतो, समजू शकतं. पण ज्याच्यामागे पुरावाच लिहिलेला नाही, तो आकडा बरोबर आहे की चूक हे पुढे कोणाला तपासताही येत नाही.

आधी घेर

२१० हा आकडा कसा आला असेल, ते झाडापाशी उभं राहिल्यावर लगेच कळलं. चिंचेच्या एका अंगाला इमारतीची कंपाउंड भिंत अगदी बुंध्याला लागून आहे. मध्ये जेमतेम चार बोटं फट. दुसऱ्या बाजूला सिमेंटचा पार, त्यावर मोटरसायकली. टेप फिरवायला जागाच नाही. गणना करणाऱ्याला दिवसभरात शेकडो झाडं उरकायची असतात. त्याने समोरून दिसला तेवढा बुंधा नजरेनं मोजला असणार.

आम्ही बांबूच्या कामटीला फायबरची टेप बांधली आणि ती फटीतून पलीकडे सरकवली. शिंप्याची टेप वापरू नये, ती ताणली जाते. टेप फिरली, पण मग दुसरा प्रश्न आला: किती उंचीवर मोजायचं? भारतात वनखात्याची पद्धत छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजण्याची आहे. ब्रिटनमध्ये जुन्या झाडांची नोंद करणारे १.५ मीटर धरतात. पण जमीन कुठली? पार बांधताना बुंध्याभोवती ७५ सेंमी भराव टाकलेला. पाराच्या वरून मोजलं तर घेर ३८९ सेंमी. रस्त्याच्या, म्हणजे मूळ जमिनीच्या पातळीवरून मोजलं तर ४१२. नोंदीत दोन्ही आकडे लिहिले, आणि कुठला कुठून मोजला तेही. हे चिकटपणाचं वाटेल, पण दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी पाराच्या वरून मोजून ‘झाड २० सेंमीनं बारीक झालं’ असं लिहू नये, यासाठी ते लागतं.

याच निमित्ताने बाकीच्या अडचणींचंही सांगते, कारण ठाण्यात त्या पावलोपावली भेटतात. उतारावरचं झाड वरच्या अंगाने मोजायचं. १.३७ मीटरवर नेमकी गाठ किंवा फुगवटा आला तर त्याखाली जिथे बुंधा सर्वांत बारीक आहे तिथे मोजायचं आणि ती उंची लिहायची. बुंधा खालीच फुटून दोन-तीन खोडं वर गेली असतील तर प्रत्येकाचा घेर वेगळा. ताड, माड, शिंदी यांचा घेर मोजून वयाचं काहीच कळत नाही. ही झाडं दरवर्षी जाड होत नाहीत. आणि वड हे तर वेगळंच प्रकरण. पारंब्या जमिनीत रुजून खोडं होतात, मग ती एकमेकांत मिसळतात. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं सडलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं, आणि झाड आजही पसरतंच आहे. तिथे घेर कशाचा मोजणार? वडासाठी विस्तार, रुजलेल्या पारंब्यांची संख्या आणि मधल्या खोडाची अवस्था एवढं लिहिलं तरी खूप झालं.

मग वय

घेरावरून वय काढायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच मोठी फसगत असते. आमच्या गावठाणापासून हाकेच्या अंतरावर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी पर्जन्यवृक्ष आहे. घेर ४५५ सेंमी, आमच्या चिंचेहून जास्त. रिक्षावाले सांगतात की तो दोनशे वर्षांचा आहे. तो तसा असूच शकत नाही. पर्जन्यवृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला आणि भारतात तो एकोणिसाव्या शतकात आला. शिवाय हा कारखाना १९६४ चा, आणि त्याच वर्षी फाटकाशी रोपं लावल्याचं तिथे काम केलेली माणसं सांगतात. म्हणजे ५९ वर्षांत ४५५ सेंमी, वर्षाला पावणेआठ सेंमीच्या आसपास. हे झाड झपाट्याने वाढतं. गुलमोहराचंही तसंच, तो मादागास्करचा, एकोणिसाव्या शतकाच्या आधी तो इथे नव्हताच. जातीचा इथे येण्याचा काळ ही वयाची वरची मर्यादा असते, आणि ती पाहायला पैसे लागत नाहीत.

चिंच आपल्याकडे फार जुनी, तिला अशी मर्यादा नाही. आणि ती सावकाश वाढते. किती सावकाश, हे पुस्तकातून घेण्यापेक्षा याच जमिनीवर, याच पावसात वाढलेल्या चिंचांवरून काढावं असं ठरवलं. गावच्या शाळेच्या आवारात तीन चिंचा आहेत. शाळेच्या नोंदवहीत त्या १९७१ मध्ये लावल्याचं लिहिलेलं आहे. ५२ वर्षांनी त्यांचे घेर १२८, १४१ आणि १५२ सेंमी. म्हणजे वर्षाला अडीच ते तीन सेंमीच्या मधली वाढ. या हिशेबाने ४१२ सेंमीच्या चिंचेचं वय १४० ते १६५ च्या दरम्यान येतं.

पण या हिशेबाला दोन्हीकडून ओढ आहे. झाड म्हातारं होत जातं तशी वाढ मंदावते, म्हणून खरं वय याहून जास्त असू शकतं. उलट शाळेच्या चिंचा इमारतीच्या सावलीत आहेत, तर आमची चिंच कित्येक वर्षं उघड्या माळावर होती, म्हणून तरुणपणी ती जास्त वेगाने वाढली असेल. वर्षाला चार सेंमी धरले तर वय १०० च्या जरा वर येतं. नुसत्या घेरावरून एवढंच म्हणता येतं: शंभरीच्या आतली नाही.

इथे गावाने मदत केली. एका घरात १९५८ सालचं वरातीचं छायाचित्र निघालं, मागे शाईने तारीख घातलेलं. नवरदेव घोड्यावर, वाजंत्री पुढे, आणि मागे ही चिंच. बुंध्याला टेकून एक माणूस उभा आहे. त्याच्या खांद्यांच्या रुंदीशी ताडून पाहिलं तर बुंध्याचा व्यास साधारण एक मीटर येतो, म्हणजे घेर सव्वातीन मीटरच्या थोडा आत. तिथून पुढच्या ६५ वर्षांत वाढ एक मीटरच्या आसपास, वर्षाला जेमतेम दीड सेंमी. वाढ मंदावल्याचा हा प्रत्यक्ष पुरावा. आणि १९५८ ला जे झाड एवढं जाड होतं, ते वर्षाला चार सेंमीनं वाढलं असं धरलं तरी त्या वेळी ७५ ते ८० वर्षांचं असणार. शाळेच्या चिंचांच्या सरासरी वेगाने धरलं तर ११५ च्या आसपास. म्हणजे आज १४० ते १८०.

छायाचित्रावरून काढलेल्या मापात चूक राहू शकते. माणूस बुंध्याच्या किती पुढे उभा आहे, यावरही फरक पडतो. म्हणून नोंदीत आम्ही ‘किमान १२० वर्षं, संभाव्य १४० ते १८०’ असं लिहिलं आणि खाली हा सगळा हिशेब जोडला. कोणाला पटला नाही तर कुठल्या पायरीवर पटत नाही, ते त्याला दाखवता येईल.

गावकीच्या जुन्या वहीतही चिंच सापडली. आगरी गावांत सामाईक झाडांच्या फळांचा लिलाव व्हायचा आणि पैसे देवीच्या जत्रेला जायचे. १९३७ च्या एका मोडी नोंदीत ‘मोठी चिंच’ असा लिलाव आहे. वाचून सगळ्यांना आनंद झाला. पण वयस्कर माणसं सांगतात की तेव्हा गावात अशा दोन मोठ्या चिंचा होत्या, दुसरी रस्त्याच्या कामात गेली. वहीतली चिंच हीच, असं म्हणता येत नाही. ती नोंद आम्ही जोडली, पण ‘दुय्यम पुरावा, झाडाची ओळख निश्चित नाही’ असा शेरा मारून.

माणसांना विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘आजी, हे झाड किती वर्षांचं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘लई जुनं बाबा, दोनशे-तीनशे वरसांचं.’ त्याने काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी विचारायचं: तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हे झाड एवढंच होतं का? लहानपणी खालच्या फांदीवर चढता यायचं का? बुंध्याला कवळ घालायला किती पोरं लागायची? ढोली तेव्हा होती का? ऐंशी पार केलेल्या एका आजींनी सांगितलं की त्या लहान असताना ढोलीत पोरं लपायची. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीही झाड पोकळ होतं. तोडण्याच्या अर्जातली ‘पोकळ’ ही बातमी जुनी आहे. त्या पोकळीसकट झाडाने तेव्हापासूनचे सगळे पावसाळे काढले आहेत.

खोडाला यंत्राने भोक पाडून वाढीची वर्तुळं मोजता येतील का, असंही एका मुलाने विचारलं. चिंचेत ते फारसं उपयोगाचं नाही. आपल्या हवामानात बऱ्याच झाडांत दर वर्षाचं स्पष्ट वर्तुळ पडत नाही, आणि पोकळ झाडात आतली वर्तुळंच उरलेली नसतात. सागाचं मात्र तसं नाही. सागात वर्तुळं स्पष्ट पडतात, आणि ठाणे भागातल्याच सागांवरून जुन्या पावसाचा अभ्यास पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केलेला आहे. ज्यांच्या आवारात जुने साग आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. साग तोडायची वेळ आलीच तर निदान बुंध्याची एक चकती जपून ठेवावी.

‘स्थिती खराब’

या रकान्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं, कारण इथे झाडाचं म्हातारपणच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहिलं गेलं होतं.

ब्रिटनमध्ये वुडलँड ट्रस्ट या संस्थेने २००४ पासून लोकांकडून जुन्या झाडांच्या नोंदी घेऊन एक मोठी यादी उभी केली आहे. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या जातात. पुरातन झाड म्हणजे आपल्या जातीच्या मानाने आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात पोचलेलं. वयोवृद्ध लक्षणांचं झाड म्हणजे वय तितकं नसलं तरी ढोल्या, वठलेल्या फांद्या, बुरशी, सुटलेली साल हे सगळं अंगावर आलेलं. आणि जातीप्रमाणे वयाची अट वेगळी: भूर्ज दीडशे वर्षांत पुरातन, ओक चारशेत, यू आठशेत. आपल्या कायद्यात सगळ्यांना एकच ५० वर्षांची रेघ आहे. पन्नाशीची चिंच म्हणजे तरणीबांड, पन्नाशीचा गुलमोहर म्हणजे उताराला लागलेला. कारखान्याच्या फाटकावरचा पर्जन्यवृक्ष आणि आमची चिंच कायद्याच्या दृष्टीने एकाच रांगेत बसतात. रेघ असू द्या, तिचा उपयोग आहे. पण स्थानिक यादीत तरी जात पाहून वेगळा शेरा असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

आमच्या चिंचेच्या अंगावरच्या खुणा अशा. पूर्वेच्या बाजूला जमिनीपासून मीटरभर उंचीवर ढोलीचं तोंड, आत माणूस वाकून जाईल एवढी पोकळी, तळाला काळी भुसभुशीत लाकडाची माती. वरच्या फांद्यांपैकी तीन वठलेल्या, एकीला तांबटाने पाडलेली गोल भोकं. शेंडा एके काळी आजच्यापेक्षा बराच वर होता; वरची टोकं मेलेली आणि खालून नवी दाट पालवी. याला ऱ्हास म्हणायची घाई होते. म्हातारं झाड आपला पसारा आवरून घेतं आणि खाली छोटा शेंडा धरतं, आणि त्या आवरलेल्या पसाऱ्यावर ते आणखी कित्येक दशकं जगू शकतं. बुंध्याच्या दक्षिणेला कडक कंसासारखी एक बुरशी. बुंध्यात गाडलेले खिळे, जाहिरातीच्या पाट्यांचे, दिव्यांच्या माळांचे.

आणि राहणारे. मुख्य फांदीच्या बेचक्यातल्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी बाहेर बसलेली दिसते. पोपट दुसऱ्या भोकात. दयाळ. ढोलीच्या तळात खवल्यांचे सरडे आणि न मोजलेले किडे. टॉवरांच्या या पट्ट्यात नव्या लावलेल्या रोपांमध्ये पिंगळ्याला घर मिळायला साठ-सत्तर वर्षं वाट पाहावी लागेल. पिंगळा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे ही यादी नोंदीत तारखेसकट लिहिणं कायद्याच्या दृष्टीनेही कामाचं होतं.

वडाला, पिंपळाला असा त्रास कमी होतो, हेही इथे सांगायला हवं. वटपौर्णिमेला सूत गुंडाळलं जातं, पिंपळाच्या पारावर मारुती असतो. झाड तोडायला माणूस दहादा विचार करतो. चिंचेचं उलटं. चिंचेवर भूत असतं, चिंचेखाली झोपू नये, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितलेलं. तिला कोणी कुंकू लावत नाही. जुन्या चिंचा श्रद्धेच्या आडोशाला नाहीत, म्हणून त्यांची नोंद आधी व्हायला हवी.

धोका खरा होता का

होता. तो नाकारून चालणार नव्हतं. रिक्षा चेपली होती, खाली शाळेची पोरं थांबतात.

पण पडलेली फांदी पोकळ बुंध्यामुळे पडलेली नव्हती. तुटलेलं टोक आम्ही पाहिलं. काही वर्षांपूर्वी तारांच्या आड येते म्हणून फांदी मधूनच सरळ छाटली होती. त्या छाटीच्या टोकाशी कुजणं सुरू झालं आणि बाजूने फुटलेले लांब, जड फुटवे सालीपुरते चिकटून वाढले. असे फुटवे जोडाशी कमजोर असतात. पाऊस पिऊन जड झाले आणि वाऱ्यात उखडले. दोष छाटणीचा होता.

बुंध्याचं काय? ४१२ सेंमी घेर म्हणजे व्यास सुमारे १३१ सेंमी, त्रिज्या ६५. पोकळ झाडासाठी जर्मनीच्या क्लाउस माथेक यांनी सुचवलेला एक ढोबळ ठोकताळा वापरला जातो: भोवतालच्या चांगल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून जास्त असावी. आमच्या झाडात हा आकडा सुमारे २० सेंमी. लाकडी हातोडीने सगळीकडे ठोकून आवाज ऐकला, ढोलीत सळई घालून मापं घेतली. बहुतेक बाजूंना भिंत २५ सेंमीच्या आसपास निघाली. ढोलीच्या तोंडाजवळ मात्र १८. हा ठोकताळा सगळ्या तज्ज्ञांना मान्य नाही, आणि ढोलीला तोंड असलं की तो आणखी कडक धरावा लागतो. तरी चित्र स्पष्ट होतं: झाड पडायला आलेलं नाही, पण शेंड्याचं वजन कमी केलं तर बरं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हे सगळं आकड्यांसकट दाखवलं. ते म्हणाले, ‘ताई, तुमचं बरोबर असेल, पण उद्या कोणाच्या डोक्यावर पडलं तर सही माझी आहे.’ त्यांची भीती मला समजत होती. म्हणूनच आम्ही ‘झाड तोडू नका’ एवढीच मागणी केली नाही, तर काय करायचं याची लेखी यादी दिली. वठलेल्या तीन फांद्यांपैकी रस्त्यावर झुकलेल्या दोन आखूड कराव्या, तिसरी, तांबटाच्या भोकांची, आतल्या बाजूला आहे ती तशीच ठेवावी. जुन्या छाटीवरचे लांब फुटवे टप्प्याटप्प्याने कमी करावे, एका वर्षात शेंड्याच्या पाचव्या भागाहून जास्त नाही. रस्त्याच्या अंगाच्या मोठ्या फांदीला खालून टेकू. ढोली सिमेंटने भरू नये. पूर्वी तसं करत असत, त्याने आत ओल कोंडते आणि झाड हलताना सिमेंटच्या कडा आतलं लाकूड कापतात. पाराचं सिमेंट फोडून निदान बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी करावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी एवढीच जागा मोकळी करायला सांगितलं होतं, त्याचा हवाला दिला.

नोंदीचा कागद

शेवटी जी नोंद दाखल केली ती पाच पानांची झाली. पहिल्या पानावर जात, शास्त्रीय नाव, अक्षांश-रेखांश, दोन उंचींवरचे घेर, उंची, विस्तार, जमिनीचा प्रकार, मालकी. मग वय, पुराव्यांच्या प्रतींसह: शाळेच्या चिंचांची मापं, छायाचित्र, गावकीची वही, आजींची हकिगत त्यांच्या संमतीने. प्रत्येक पुराव्यापुढे तो किती भक्कम, हे एका शब्दात. मग अंगावरच्या खुणा आणि राहणारे जीव. मग चारही दिशांनी काढलेली छायाचित्रं, प्रत्येकात बुंध्याला एक मीटरची पट्टी लावून. शेवटी धोक्याची तपासणी आणि उपाय. सातबाऱ्याच्या शेऱ्याच्या रकान्यातही कधीकधी झाडाची, विहिरीची नोंद मिळते. आमच्या बाबतीत ती मिळाली नाही, तेही लिहिलं. न सापडलेलं लिहून ठेवलं की पुढच्या माणसाचे हेलपाटे वाचतात.

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद झाडापाशी उभं राहून वाचला आणि घेर स्वतः पुन्हा मोजून पाहिला. ४१० आला. तिथून पुढचं बोलणं सोपं गेलं. तोडण्याचा अर्ज नामंजूर झाला, छाटणीला परवानगी मिळाली, आणि गणनेच्या नोंदीत वय ‘१२० वर्षांहून अधिक’ असं दुरुस्त झालं. छाटणी दिवाळीनंतर झाली, माणूस दोरीवर चढून, आमच्यातलं कोणीतरी खाली उभं राहून. पाराचं सिमेंट अर्धंच फुटलं. मोटरसायकली लावणाऱ्यांची समजूत पूर्ण पटलेली नाही.

खरा अडथळा आता पुनर्विकासाचा आहे. नव्या इमारतीच्या नकाशात तळघरात गाड्यांची जागा आहे आणि खोदकामाची रेघ बुंध्यापासून चार मीटरवर येते. ब्रिटिश मानकाप्रमाणे बांधकामात मुळांसाठी राखायचा भाग खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचा, जास्तीत जास्त १५ मीटर. आमच्या चिंचेला ते पूर्ण १५ होतात. पुरातन आणि वयोवृद्ध झाडांसाठी तिथला सल्ला पंधरा पटींचा आहे, म्हणजे जवळजवळ २० मीटर. गावठाणात एवढी जागा कोणाकडेच नसते. वास्तुविशारदांशी दोन बैठका झाल्या. त्यांनी गाड्यांचा उतार इमारतीच्या मागच्या बाजूला नेण्याची तयारी दाखवली आहे; तसं झालं तर रेघ नऊ मीटरवर जाते. आम्ही आणखी एक मागितलं आहे: भिंत पाडल्यावर त्या बाजूला आधी हाताने चर खणून मुळं कुठे, किती जाड आहेत ते पाहावं आणि मगच शेवटची रेघ आखावी. सुधारित नकाशा अजून आलेला नाही. तो आला की नोंदीच्या कागदाला सहावं पान जोडलं जाईल, मुळांच्या मापांचं.